वॉर इन द ईस्ट 2: नव्या भिडूंसाठी मिन्स्कपर्यंतची वाट

गॅरी ग्रिग्सबी हे नाव कॉम्प्युटरवर वॉरगेम खेळणाऱ्यांना 1980 च्या दशकापासून ठाऊक आहे. त्यांच्या टूबायथ्री गेम्सने 2010 च्या डिसेंबरात ‘वॉर इन द ईस्ट’ आणला आणि मार्च 2021 मध्ये त्याचा दुसरा भाग. विषय दोन्हींचा एकच, जर्मनीची 22 जून 1941 ची सोव्हिएत संघावरची स्वारी आणि तिथून बर्लिन पडेपर्यंतचं युद्ध. ख्यातीही दोन्हींची एकच, डोक्याला ताप.

ती ख्याती खोटी नाही. मॅन्युअल शेकडो पानांचं आहे आणि गेम प्रत्येक डिव्हिजनमधले, म्हणजे हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकडीतले, रणगाडे, तोफा, ट्रक आणि माणसं वेगवेगळी मोजतो. पण नव्या माणसाला वाटतं की गेम जे जे मोजतो ते आपल्यालाही मोजावं लागणार. तसं काही नाही. एका टर्नमध्ये तुमच्या वाट्याला येणारे खरे निर्णय पाच-सहाच असतात. आघाडी कुठे फोडायची, आत कोणाला सोडायचं, कुठे थांबायचं, मागून रसद कशी येणार आणि राखीव कोणाला ठेवायचं. उरलेला हिशेब कॉम्प्युटर करतो, आणि तो त्याला करू द्यावा.

मोठी मोहीम आत्ता नको

गेम विकत घेतला की हात सगळ्यात आधी 1941 च्या पूर्ण मोहिमेकडे जातो. नकाशावर बाल्टिक समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत काउंटरच काउंटर (एकेका तुकडीची सोंगटी), आणि पहिलाच टर्न संपता संपत नाही. उत्तरेकडचं सैन्य हलवून होईतो मध्यभागी काय ठरवलं होतं ते डोक्यातून गेलेलं असतं. अनेकांचा गेम इथेच कायमचा बंद होतो.

‘रोड टू मिन्स्क’ हा छोटा सिनारिओ, म्हणजे युद्धाचा एक सुटा तुकडा, उघडा. त्यात फक्त मधला आर्मी ग्रुप (आघाडीच्या मध्यभागातलं जर्मन सैन्य) आहे आणि टर्न अगदी मोजके. बाजू जर्मन घ्या आणि समोर कॉम्प्युटर ठेवा. जर्मन बाजू घ्यायचं कारण इतकंच की पहिल्या आठवड्यात पुढाकार तिच्याकडे असतो. हालचाल, हल्ला आणि वेढा या तिन्ही गोष्टी एकाच टर्नमध्ये हाताखालून जातात. सोव्हिएत बाजू नंतर घ्यायचीच आहे. खरं तर तीच जास्त रंगतदार आहे, पण बचाव कशापासून करायचा हे कळल्याशिवाय बचावाला चव येत नाही.

सेटिंगमध्ये दोन्ही बाजूंना मिळणाऱ्या मदतीचे आकडे असतात. 100 म्हणजे ना मदत ना अडथळा. स्वतःच्या बाजूचे थोडे वाढवून घ्यायला हरकत नाही, कोणी बघत नाही. शत्रूचं सैन्य धूसर दाखवणारा फॉग ऑफ वॉर मात्र चालूच ठेवा. तो बंद करून लागलेली सवय पुढे फार महागात पडते.

एकच काउंटर नीट वाचा

काहीही हलवण्याआधी एक जर्मन पँझर, म्हणजे रणगाड्यांची, डिव्हिजन निवडा आणि तिचं पॅनेल उघडा. पाच मिनिटं तिथेच काढा.

सगळ्यात आधी हालचालीचे पॉइंट बघा. पँझर आणि मोटर असलेल्या तुकड्यांना जास्तीत जास्त 50 मिळतात, पायी चालणाऱ्या पायदळाला 16. हेक्स म्हणजे नकाशावरचं सहा बाजूंचं घर. एक हेक्स 10 मैलांचा, साधारण 16 किलोमीटरचा, आणि एक टर्न म्हणजे एक आठवडा. 50 पॉइंट म्हणजे 50 हेक्स असा हिशेब मात्र करू नका. शत्रूच्या ताब्यातला हेक्स, जंगल, दलदल, नदी, शेजारी उभं असलेलं शत्रूचं सैन्य, हे सगळे आपापला जादा वाटा घेतात. सरहद्दीवरच्या ब्रेस्टपासून मिन्स्क सुमारे 340 किलोमीटर, म्हणजे वीस-एकवीस हेक्स. कागदावर 50 पॉइंटांत हे आरामात बसतं. नकाशावर मोकळी वाट मिळाली तरच बसतं, आणि ती मोकळी करून देणं हेच पहिल्या टर्नचं काम.

दुसरा आकडा लढाऊ ताकदीचा, म्हणजे सीव्हीचा. हा अंदाज आहे. प्रत्यक्ष लढाईत गेम दोन्हीकडच्या तोफा आणि रणगाड्यांचा मारा घडवून आणतो, सेनापतींचे गुण तपासतो, आणि मग दोन्ही बाजूंची उरलेली ताकद ताडून बघतो. हल्लेखोराची ताकद बचाव करणाऱ्याच्या दुप्पट किंवा जास्त भरली तर बचाव करणारा मागे हटतो, नाहीतर जागचा हलत नाही. त्यामुळे काउंटरवर 12 विरुद्ध 6 दिसलं म्हणून जुगार खेळू नका. नव्या माणसाने तिप्पट-चौपट दिसेल तिथेच हात घालावा. धूसर दिसणाऱ्या शत्रूचा आकडा तर त्याहून बेभरवशाचा असतो.

तिसरी गोष्ट इंधन, दारूगोळा आणि ट्रक. हे गरजेच्या टक्केवारीत दिसतात. पहिल्या टर्नला सगळं भरलेलं असतं म्हणून इकडे कोणी बघत नाही. तरी बघा, आणि आकडे लक्षात ठेवा. पुढच्या टर्नला याच डिव्हिजनचं पॅनेल पुन्हा उघडायचं आहे.

मनोधैर्य, थकवा, ठरलेल्या संख्येच्या किती टक्के माणसं आणि साधनं हजर आहेत, वरचं मुख्यालय कोणतं, हेही तिथे असतं. आज एक नजर टाकली तरी पुरे.

मॅन्युअल सलग वाचू नका, ते पोथीसारखं वाचायला लिहिलेलंच नाही. शेजारी उघडं ठेवा, अडलं की शोधा, तेवढंच वाचा आणि परत नकाशावर या.

पहिला टर्न: आधी पायदळ, मग पँझर

दुसऱ्या भागात टर्नची सुरुवात हवाई दलापासून होते, आणि नव्या माणसाची पहिली ठेच इथेच. मोहिमा, विमानतळ, उंची, पल्ला, सगळं एकदम अंगावर येतं. हवाई काम कॉम्प्युटरवर सोपवायची सोय गेममध्ये आहे, ती खुशाल वापरा. पहिल्या दिवशी सोव्हिएत हवाई दलाने हजाराहून जास्त विमानं गमावली होती, बरीचशी जमिनीवरच. कॉम्प्युटरने आखलेल्या हल्ल्यांतही साधारण तेच चित्र दिसतं. हवाई दल शिकायला नंतर भरपूर वेळ आहे.

आता जमीन. नकाशा बघितलात तर बियालिस्तोकच्या आसपास सोव्हिएत प्रदेशाचा एक फुगवटा पश्चिमेकडे आलेला दिसेल, आणि त्यात भरपूर सैन्य. त्याच्या दक्षिणेला ब्रेस्टजवळ जर्मन सेनापती गुडेरियनचा दुसरा पँझर ग्रुप, उत्तरेला सुवाल्कीजवळ होथ या सेनापतीचा तिसरा. इतिहासात हे दोन्ही चिमटे मिन्स्कपाशी मिळाले आणि 28 जूनला शहर पडलं. योजना नकाशावरच लिहिलेली आहे, तुम्हाला ती फक्त क्रमाने पार पाडायची आहे.

सगळं त्या क्रमात आहे. मोह होतो तो पँझर आधी सोडण्याचा. पँझरने सरहद्दीवरची तुकडी फोडली की त्या हल्ल्यात पँझरचेच पॉइंट जातात, आणि मिन्स्कच्या अलीकडे सात-आठ हेक्सवर तिचा दम संपतो. म्हणून सरहद्द पायदळाने फोडायची. पँझरच्या वाटेवरचे हल्ले आधी पायदळाकडून करून घ्या, शत्रू मागे हटला की त्या भगदाडातून पँझर सोडा.

हल्ल्याचे प्रकार दोन. तुकडी निवडून शेजारच्या शत्रूवर राइट क्लिक केलं की घाईचा हल्ला, शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की तयारीचा. घाईच्या हल्ल्याला पॉइंट कमी लागतात, पण पूर्ण ताकद वापरता येत नाही. तयारीच्या हल्ल्यात आजूबाजूच्या हेक्समधल्या तुकड्या एकत्र घेता येतात, मात्र पॉइंट बरेच जातात. सरहद्दीवर पायदळाचा तयारीचा हल्ला, आणि आत शिरल्यावर वाटेत एखादी एकटी तुकडी आडवी आलीच तर पँझरचा घाईचा. ती तुकडी वळसा घालून टाळता आली तर आणखी छान. मागून येणारं पायदळ तिचा समाचार घेईल.

एका हेक्समध्ये तुमचे तीनच काउंटर मावतात. भगदाडाच्या तोंडाशी सगळ्यांनी गर्दी केली की मागच्यांची वाट अडते. म्हणून सगळ्यात लांब जाणारी डिव्हिजन सगळ्यात आधी हलवा, आणि कोणालाही वाटेच्या तोंडावर उभं करू नका.

उत्तरेला होथच्या बाजूला नेमान नदी आडवी येते. 22 जूनला तिच्यावरचे अलितुसचे पूल जर्मनांना शाबूत मिळाले होते. तुम्ही नदीपलीकडच्या शत्रूवर हल्ला कराल तेव्हा ताकद घसरलेली दिसेल, ती नदीमुळे. नदीकाठी शत्रू नसलेला हेक्स शोधा आणि तिथून उतरा. दक्षिणेला प्रिपेतच्या दलदलीकडे एकही मोटर असलेली तुकडी पाठवू नका, तिथे पॉइंट पाण्यासारखे जातात.

वेढा पडला असं कधी म्हणायचं

शत्रूला समोरून ढकलत राहिलात तर तो मागे हटतो, पुढच्या आठवड्यात माणसं भरून घेतो आणि पुन्हा समोर उभा राहतो. लढाई जिंकल्याचा आनंद मिळतो, युद्ध तिथेच राहतं. वेढ्यातली तुकडी लढाई हरली आणि मागे हटायला जागाच नसली तर शरण जाते आणि नकाशावरून कायमची जाते. 1941 मध्ये जर्मन बाजूची सगळी गणितं यावरच उभी आहेत.

दोन पँझर टोकं एकमेकांना भिडली की वेढा पूर्ण झाला असं वाटतं. पण तुमच्यानंतर शत्रूचा टर्न आहे, आणि ती भिंत एक हेक्स जाडीची असेल तर तो ती बाहेरून नाहीतर आतून फोडतोच. फोडल्यावर रसद पुन्हा सुरू होते आणि अख्खा आठवडा पाण्यात.

म्हणून टर्न संपवण्याआधी वेढ्याच्या कडेकडेने बोट फिरवा. दोन काउंटरांमध्ये रिकामा हेक्स राहिला असेल तर तो तुमच्या झोन ऑफ कंट्रोलमध्ये येतो का ते बघा. प्रत्येक तुकडी शेजारच्या हेक्सवर असा वचक ठेवते की तिथून जाणाऱ्या शत्रूचे पॉइंट झपाट्याने जातात. वचक म्हणजे भिंत नव्हे, पण दमलेल्या शत्रूला तो पुरतो. काउंटर कमी पडत असतील तर डिव्हिजन तीन रेजिमेंटमध्ये फोडता येते. एका डिव्हिजनने तीन हेक्स झाकता येतात. ताकद अर्थातच विभागली जाते, त्यामुळे हे शांत बाजूला करा, जिथे बाहेरून जोरदार धडक येणार तिथे अख्खी डिव्हिजनच हवी. आणि मोटर असलेलं पायदळ भिंतीला लावा. रणगाडे भिंतीत चिणून ठेवण्यासाठी नाहीत.

मिन्स्कच्या मोठ्या वेढ्याच्या आत, बियालिस्तोकच्या पूर्वेला, पायदळाचा दुसरा छोटा वेढा पाडता येतो. खऱ्या युद्धातही तसंच झालं होतं. पहिल्याच खेळीत दोन्ही साधायचा हट्ट नको. एक वेढा घट्ट बसला तर तो दोन गळक्या वेढ्यांपेक्षा मोलाचा.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. शरण आलेल्यांची संख्या गेम एका ओळीत दाखवतो आणि आपण खूश होतो. या आघाडीवर पकडल्या गेलेल्या सुमारे 57 लाख सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी सुमारे 33 लाख जर्मनांच्या ताब्यात उपासमारीने, थंडीने, रोगराईने किंवा गोळ्या घालून मेले असं इतिहासकार मानतात. गेममध्ये हे नाही, आणि वॉरगेममध्ये ते कसं दाखवावं याचं उत्तर मलाही सुचत नाही. खेळणाऱ्याला माहीत मात्र असावं.

टर्न संपवल्यावर: रसद

टर्न संपवण्याआधी सेव्ह करा, वेगळ्या नावाने. मग बटण दाबा. शत्रूचा टर्न होतो, रसदीचा हिशेब होतो आणि पुढच्या आठवड्यात तुमच्यासमोर नकाशा येतो. पुन्हा हल्ल्याला धावू नका. पहिल्या टर्नला वाचलेल्या त्याच पँझर डिव्हिजनचं पॅनेल उघडा.

इंधन खाली आलेलं असेल, ट्रक कमी झालेले असतील, थकवा चढलेला असेल आणि 50 ऐवजी कितीतरी कमी पॉइंट दिसतील. गेम बिघडलेला नाही. इंधन आणि दारूगोळा रेल्वेने डेपोपर्यंत येतो, तिथून पुढे ट्रकने. डेपोपासून तुकडी जितकी लांब तितके ट्रक झिजतात आणि तितकं कमी पोचतं. ‘रोड टू मिन्स्क’ छोटा असल्याने हा फटका सहन होतो. यापुढच्या प्रत्येक मोठ्या सिनारिओत यावरच हारजीत ठरते.

अडचणीचं मूळ रुळांत आहे. सोव्हिएत रेल्वेचे रूळ 1,524 मिलीमीटर रुंदीचे आणि जर्मनीकडचे 1,435 चे. जर्मन गाड्या सरहद्दीपलीकडे तशाच चालत नाहीत, आधी मार्ग बदलून घ्यावा लागतो. गेममध्ये हे काम रेल्वे दुरुस्तीच्या खास तुकड्या करतात, त्यांना एफबीडी म्हणतात. त्या मोजक्याच असतात आणि एका आठवड्यात ठरावीकच हेक्स पुढे सरकतात, सेनापती कितीही ओरडला तरी.

तेव्हा मोठ्या सिनारिओत एक मुख्य लोहमार्ग ठरवा आणि दुरुस्ती त्यावरून ढळू देऊ नका. मधल्या आर्मी ग्रुपसाठी तो ब्रेस्ट, मिन्स्क, स्मोलेन्स्क असा जातो. पुढे आलेल्या रेल्वेटोकाजवळ डेपो असू द्या आणि आपली पँझर टोकं त्यापासून किती लांब गेली ते दर टर्नला मोजा. अंतर फार वाढलं तर थांबा. एक आठवडा जागच्या जागी बसलेली पँझर डिव्हिजन पुढच्या आठवड्यात जितकी धावते, तितकी रडतखडत दोन आठवडे ढकललेली धावत नाही. नव्या माणसाला हे थांबणं सगळ्यात जड जातं. मॉस्को समोर दिसत असतं.

ऑक्टोबरात चिखल येतो आणि मग हाच हिशेब दुपटीने वसूल होतो. त्यानंतर हिवाळा. 5 डिसेंबर 1941 ला मॉस्कोसमोर सोव्हिएत प्रतिहल्ला सुरू झाला तेव्हा जर्मन सैन्य कुठल्या अवस्थेत उभं होतं, हे मोठ्या मोहिमेत स्वतःच्या पॅनेलवर बघायला मिळतं.

मुख्यालयं, थोडक्यात

प्रत्येक डिव्हिजन एका कोअरच्या मुख्यालयाखाली, कोअर आर्मीच्या, आर्मी आर्मी ग्रुपच्या. तुकड्या आपल्या कोअर मुख्यालयापासून पाच हेक्सच्या आत ठेवा, म्हणजे मुख्यालयाकडचा जादा तोफखाना आणि इंजिनिअर लढाईत मदतीला येऊ शकतात. मुख्यालय पुढे सरकवायला लोक हमखास विसरतात. तुकड्या हलवून झाल्या की शेवटचा फेरा मुख्यालयांचा, अशी सवय लावून घ्या. मुख्यालयांना पेलवतील त्याहून जास्त तुकड्या त्यांच्याखाली देऊ नका आणि सेनापती बदलायच्या फंदात सध्या पडू नका.

मग सोव्हिएत बाजू

मिन्स्क दोन-तीनदा खेळून झालं आणि वेढा घट्ट बसायला लागला की बाजू बदला. आता सगळं उलटं. समोरचा कुठे वेढा घालणार हे तुम्हाला दिसतं, कारण तो तुम्ही स्वतः घातलेला आहे.

सोव्हिएत बाजूने 1941 मध्ये जमीन देऊन वेळ विकत घ्यायचा असतो. प्रत्येक हेक्ससाठी छातीचा कोट केलात तर मिन्स्कसारखेच वेढे कीवपर्यंत पडत राहतील. पहिली ओळ पातळ ठेवा, एक हेक्स सोडून एक, बुद्धिबळाच्या पटासारखी, म्हणजे थोड्या तुकड्यांचा वचक मोठ्या भागावर राहतो आणि पँझरचे पॉइंट वाया जातात. खरा बचाव मागे, मोठ्या नदीच्या काठी, द्वीना नाहीतर द्नीपरच्या पलीकडे. तिथे आधीपासून तुकड्या बसवून ठेवल्या तर त्या टर्नागणिक खंदक खोल करत जातात. शत्रू दिसल्यावर खणायला घेतलं तर उशीर झालेला असतो. आणि काही सैन्य आघाडीवर अजिबात लावू नका. फुटलेल्या जागेवर धाडायला मागे कोणीच नसेल, तर एका भगदाडासाठी अख्खी आघाडी मागे घ्यावी लागते.

प्रतिहल्ले करा, पण निवडून. पुढे घुसलेलं, इंधन संपत आलेलं, एकटं पडलेलं मोटर पायदळ दिसलं तर दोन-तीन बाजूंनी तयारीचा हल्ला करा. एक जर्मन डिव्हिजन एक हेक्स मागे गेली तरी वेढ्याची भिंत उघडते, आणि आतल्यांना बाहेर पडायला तेवढी फट पुरते.

माणसाविरुद्ध

कॉम्प्युटर चांगला सराव देतो, पण तो तुमच्या रसदीची दुखरी नस शोधत बसत नाही. माणूस शोधतो. सर्व्हरवरून किंवा ईमेलने टर्न पाठवून खेळता येतं. पहिल्या सामन्यासाठी छोटाच सिनारिओ घ्या आणि आपण नवे आहोत हे आधीच सांगून टाका. जुने खेळाडू नव्यांना हाकलून लावतात ही अफवा आहे. उलट, नवा भिडू मिळाला की ते इतकं समजावून सांगतात की थांबवावं लागतं.

सुरू करण्याआधी तीन गोष्टी बोलून घ्या. आठवड्याला साधारण किती टर्न जमतील, मधे काम निघालं तर कळवायचं कसं, आणि मदतीचे आकडे काय ठेवायचे. पूर्ण मोहीम माणसाविरुद्ध खेळायची तर ती महिनोन्‌महिने चालते. तेवढ्या काळात कोणाचं ना कोणाचं घर, नोकरी, आजारपण मध्ये येणारच. टर्न अडकला तर एक ओळ लिहून कळवा. हरताय असं दिसलं तरी गायब होऊ नका, शरण यायचं तर तसं सांगून या. आणि सामना संपला की प्रतिस्पर्ध्याला विचारा, आठव्या टर्नला तुम्ही तिकडे का वळलात? मॅन्युअलमध्ये न सापडलेल्या बऱ्याच गोष्टी तिथे कळतात.

मिन्स्कनंतर थेट पूर्ण मोहिमेवर उडी नको. एखादा मधल्या आकाराचा सिनारिओ घ्या, दहा-वीस टर्नांचा, ज्यात रेल्वे दुरुस्तीची खरोखर गरज पडते. हवाई दल कॉम्प्युटरच्या हातातून काढून स्वतःकडे घ्यायचं ते तिथे, आणि तेही आधी फक्त टेहळणी.